पंजाबचा ‘पूंजाब’ कसा झाला?

आज एका लहानशा प्रश्नापासून सुरुवात करू. इंग्लंड-अमेरिकेतल्या बातम्या तुम्ही ऐकत असाल तर ‘पंडित’ हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. टीव्हीवर बसून राजकारणाची भाकितं करणाऱ्याला इंग्रजीत पंडितच म्हणतात, आणि त्यातला ‘पं’ तिथला निवेदक अगदी आपल्यासारखा म्हणतो. पण तोच निवेदक पंजाबची बातमी आली की पुष्कळदा ‘पूंजाब’ म्हणतो. रोमन लिपीत दोन्ही शब्दांची सुरुवात एकच आहे: पी, यू, एन. मग एक शब्द बरोबर आणि दुसरा चुकीचा, असं का होतं?

‘इंग्रजांना आपली नावं म्हणताच येत नाहीत’ हे उत्तर आपल्याकडे तयार असतं. मला ते पटत नाही. पंडित म्हणता येणाऱ्याला पंजाब म्हणता न येण्याचं काही कारण नाही. ही चूक जिभेची नाही. तिला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा इतिहास कागदावर घडला आहे.

आधी इंग्रजीची जुनी रीत बघू. पंधराव्या ते अठराव्या शतकाच्या दरम्यान इंग्रजीतले दीर्घ स्वर आपल्या जागेवरून हलले, पण लिखाण मागेच राहिलं. त्यामुळे युरोपातल्या बहुतेक भाषांत जी अक्षरं ‘ई’ आणि ‘आ’ अशी वाचतात, ती इंग्रजीत ‘आय’ आणि ‘ए’ झाली. परदेशी नावही त्याच अक्षरांनी, त्याच रीतीने वाचायचं, आणि त्यात कुणाला लाज वाटत नसे. बायरनने १८१९ साली ‘डॉन जुआन’ छापायला सुरुवात केली. स्पॅनिश माणूस ज्या नावाला ‘हुआन’ म्हणतो, त्याचं यमक बायरनने असं जुळवलंय की ‘जू-अन’ म्हटल्याशिवाय ते बसतच नाही. बायरन काही अडाणी नव्हता, भरपूर फिरलेला माणूस होता. पण इंग्रजी कवितेत नाव आलं की ते इंग्रजी झालं, हा त्या काळचा सरळ हिशोब होता.

हीच रीत अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली. न्यूयॉर्क राज्यात १७९८ साली एका गावाला आपल्या दिल्लीचं नाव मिळालं. तिथल्या एबेनेझर फूट नावाच्या बड्या असामीला लोक ‘ग्रेट मोगल’ म्हणायचे, त्याच्या मानासाठी हे नाव ठेवलं. आज त्या गावाला ‘डेल-हाय’ म्हणतात. इलिनॉयमधलं कैरो ‘केरो’ झालं, ओहायोतलं लिमा ‘लायमा’ झालं. मुळात ‘डेल्ही’ हे स्पेलिंगच सरळ नाही. उर्दूत हे नाव ‘देहली’ असं लिहितात, म्हणजे ‘ह’ आधी आणि ‘ल’ नंतर. इंग्रजांनी तो ‘ह’ उचलून ‘ल’च्या मागे नेऊन ठेवला, आणि डेल-हायच्या लोकांनी त्या जागा चुकलेल्या अक्षरालाही इमानाने वाचून दाखवलं.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांचं प्रकरण मात्र वेगळं होतं. ते नावं पुस्तकातून वाचत नव्हते, कानाने ऐकत होते. आणि त्यांचे कान आपण समजतो तितके वाईट नव्हते. आपल्या खडकीचं उदाहरण घ्या. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, ती इंग्रजी कागदांत ‘बॅटल ऑफ किर्की’ आहे. आपण हसतो, की ‘ड’चा ‘र’ केला. पण ‘खडकी’ मोठ्याने म्हणून बघा. इथला ‘ड’ ‘डबा’तल्यासारखा ठोकून म्हणत नाही आपण, जीभ नुसती फटकारून पुढे जातो. इंग्रजाच्या कानाला तो ‘र’ वाटणारच. त्याने जे ऐकलं ते लिहिलं. घोटाळा पुढे झाला, आणि तो कोणत्या अक्षराने काय लिहायचं यावरून झाला.

यावर कलकत्त्यात दोन मतं होती. विल्यम जोन्स, ज्यांनी १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन केली, त्यांचं म्हणणं असं की स्वर लॅटिन-इटालियन पद्धतीने लिहावेत. ‘ए’ म्हणजे अ किंवा आ, ‘यू’ म्हणजे उ. हे पंडिती काम होतं, कारण ते आधी शिकावं लागतं. दुसरे जॉन गिलक्रिस्ट, फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या पोरसवदा अधिकाऱ्यांना हिंदुस्तानी शिकवणारे. त्यांचा विद्यार्थी नुकता बोटीतून उतरलेला. त्याला काही न शिकवता नाव बरोबर वाचता आलं पाहिजे. मग इंग्रजी ‘कट’, ‘बट’ या शब्दांत ‘अ’ कशाने लिहितात? ‘यू’ने. तर आपल्या ‘अ’लाही ‘यू’ लावा, आणि ‘ऊ’साठी ‘डबल ओ’.

आता पंजाब लिहून बघा. गिलक्रिस्टच्या हिशोबाने ‘यू’ घातला की इंग्रज वाचकाच्या तोंडून नेमका ‘पं’ निघतो. लखनौ, जबलपूर, अंबाला, मथुरा या नावांच्या जुन्या स्पेलिंगांमध्ये असेच ‘यू’ भरलेले आहेत, आणि प्रत्येक ‘यू’ म्हणजे एक ‘अ’ आहे. तेव्हा पंजाबचं स्पेलिंग हे मुळात वाईट स्पेलिंग नव्हतं. ज्याच्यासाठी बनवलं त्याच्यासाठी ते अगदी बरोबर होतं.

पुढे १८७०च्या दशकात विल्यम हंटर आले. सगळ्या देशाचं गॅझेटियर करायचं होतं, आणि एकेका गावाची पाच-सहा स्पेलिंगं फायलींत पडलेली. हंटरनी जोन्सची पद्धत थोडी सोपी करून सरकारी केली. १८८१ साली ‘इंपीरियल गॅझेटियर’चे नऊ खंड निघाले ते याच पद्धतीने. पण जी नावं इंग्रजीत फारच रुळली होती, ती तशीच ठेवायची सवलत दिली. कलकत्ता, बॉम्बे, मद्रास, लखनौ सुटले. झालं! एकाच नकाशावर दोन कायदे लागू झाले. लखनौतला ‘यू’ म्हणजे अ, नागपूरमधला ‘यू’ म्हणजे ऊ. जबलपूरची तर कमाल आहे. जुन्या स्पेलिंगमध्ये पहिले दोन्ही ‘यू’ म्हणजे ‘अ’, आणि नव्या स्पेलिंगमध्ये जो एकुलता एक ‘यू’ उरला तो शेवटच्या ‘पूर’मधला. कुठे कोणता कायदा लागू, हे वाचणाऱ्याला सांगायला नकाशावर कुणी बसलेलं नाही.

हे भांडण अजून मिटलेलं नाही, बरं का. १८८२ साली लाहोरला विद्यापीठ निघालं. फाळणीनंतर इकडच्या पंजाबात वेगळं विद्यापीठ झालं, ते पुढे चंडीगडला आलं. लाहोरचं विद्यापीठ आजही पंजाब ‘यू’ने लिहितं, चंडीगडचं ‘ए’ने. एका पाटीवर गिलक्रिस्ट आहेत, दुसऱ्या पाटीवर जोन्स आणि हंटर.

कागद इथेच थांबत नाही, तो आपल्या तोंडातही शिरतो. मुंबईत शीव आहे. शीव म्हणजे वेस, गावाची हद्द. इंग्रजी पाटीवर त्याचं जे झालं ते वाचून लोक ‘सायन’ म्हणू लागले, आणि आज घरात मराठी बोलणारा माणूससुद्धा ‘सायनला उतरतो’ म्हणतो. आपलंच गाव आपण परक्याच्या स्पेलिंगवरून वाचतो. इंग्रजाने शीवचं काय केलं यापेक्षा मला हे जास्त खुपतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘इंग्रज’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजांकडून आलेला नाही, पोर्तुगीजांच्या ‘इंग्लेझ’वरून आला. डच लोक ‘वलंदेज’ झाले तेही पोर्तुगीजांच्या ‘ओलांदेझ’वरून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांची यादी आहे, तीत ‘डिंगमार’ भेटतात. हे डेन्मार्कचे लोक! म्हणजे परक्याचं नाव आपल्या वळणावर नेणं हा काही फक्त इंग्रजांचा दुर्गुण नाही. फरक आहे तो एवढाच, की कोपनहेगनच्या कुठल्याही माणसाला ‘डिंगमार’ अशी सही करावी लागली नाही.

शिपायांची तऱ्हा आणखी निराळी. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन, या हुसेन’ ऐकून गोऱ्या सोल्जरांनी त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ केलं. युल आणि बर्नेल यांनी १८८६च्या आपल्या कोशाला हेच नाव दिलं. पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये त्याच जातीच्या सोल्जरांना ‘ईप्र’ हे गाव भेटलं. तिथले फ्लेमिश लोक त्याला ‘ईपर’ म्हणतात, ‘ईप्र’ हे फ्रेंच रूप. टॉमीने स्पेलिंग पाहिलं आणि त्याचं ‘वायपर्स’ करून टाकलं. प्लूखस्टेर्ट नावाच्या गावाचं ‘प्लगस्ट्रीट’ झालं. १९१६ साली तिथे मोडक्या छापखान्यावर ‘वायपर्स टाइम्स’ नावाचं शिपायांचं वर्तमानपत्रही निघालं. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्या गावात आपण बहुधा मरणार आहोत, त्याचं नाव निदान घरच्यासारखं करून घेणं, एवढंच त्यांच्या हातात होतं. तिथे आपलेही शिपाई होते. ईप्रजवळच्या होलबेकला ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बलुची पलटणीचे खुदादाद खान लढले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदुस्थानी सैनिक. ईप्रच्या मेनिन गेटवर १९२७ पासून चोपन्न हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं कोरलेली आहेत. त्यांत हिंदुस्थानी नावंही आहेत, तीही रोमन अक्षरांतच.

दुसरं महायुद्ध संपत असताना, एप्रिल १९४५ मध्ये, चर्चिलने परराष्ट्र खात्याला एक टिपण पाठवलं. जर्मनी कोसळत होता आणि याला काळजी अंगोराला अंकारा म्हणण्याची! पिढ्यान्‌पिढ्या इंग्लंडला ठाऊक असलेली नावं परदेशी लोकांच्या लहरीखातर बदलायची नाहीत, नाहीतर उद्या लेगहॉर्नला लिव्होर्नो म्हणायला लावतील आणि बीबीसी पॅरिसला ‘पारी’ म्हणेल, अशी त्याची तक्रार होती. बीबीसीने १९२६ सालीच उच्चारांसाठी एक समिती नेमली होती. कवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष, त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ. पुढे बीबीसीची जी रीत पडली ती मधली आहे: रुळलेलं इंग्रजी नाव असेल तर तेच, नसेल तर मूळ उच्चाराच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं.

पण ‘रुळलेलं’ हे ठरवणार कोण? साम्राज्याच्या काळात इंग्रज केनियाला ‘कीन्या’ म्हणायचे. १९६३ साली देश स्वतंत्र झाला, जोमो केन्याटा सत्तेवर आले आणि ‘केन्या’ हा उच्चार पुढे आला. त्यानंतर लंडनमध्ये एखादा म्हातारा ‘कीन्या’ म्हणाला, की तो कोणत्या काळातला आहे आणि तिथे त्याचा मळा वगैरे होता का, याचा अंदाज समोरचा मनातल्या मनात बांधू लागला.

आणि इथून ती दुसरी चूक सुरू होते, जिच्यात आपला ‘पूंजाब’ येतो. साम्राज्य गेलं, परक्याच्या नावाचा मान ठेवावा असं वाटू लागलं. चांगलीच गोष्ट. पण मान ठेवायचा म्हणजे नाव जरा परदेशी ऐकू आलं पाहिजे, अशी एक समजूत झाली. ‘यू’ परदेशी नावात दिसला की तो ‘ऊ’ म्हणायचा, म्हणून ‘पूंजाब’. ‘पंडित’ वाचला, कारण तो परदेशी आहे हे इंग्रजी माणूस विसरूनच गेला आहे. बीजिंगचंही तेच. त्यातला ‘ज’ इंग्रजी ‘जिंगल’मधल्या ‘ज’च्या अगदी जवळचा आहे, म्हणजे इंग्रजाला घरचाच. तरीही कित्येक जण तिथे ‘व्हिजन’मधला, फ्रेंच वळणाचा मऊ ‘ज’ घालतात. ताजमहालच्या ‘ज’लाही तसाच मऊ करतात. घरच्या भांड्यात सहज मावणारी वस्तू, पण पाहुण्याची म्हणून विलायती भांडं शोधायला जातात.

या मानापमानाचं राजकारण सगळ्यांत उघड दिसलं ते अमेरिकेत, इराकच्या वेळी. मराठीत ‘ॲ’ लिहायची सोय असल्यामुळे हे सांगणं सोपं आहे. कुणी ‘इराक’ म्हणतं, कुणी ‘इरॅक’, आणि पहिला स्वरही ताणला की ‘आय-रॅक’. फेब्रुवारी २००७ मध्ये इराकला जादा सैन्य पाठवण्याच्या विरोधात तिथल्या प्रतिनिधिगृहात ठराव आला. त्या चर्चेतली भाषणं भाषाशास्त्रज्ञांनी नंतर बसून ऐकली, फक्त एका स्वरासाठी. रिपब्लिकन सदस्यांचा कल ‘ॲ’कडे निघाला आणि डेमोक्रॅटांचा ‘आ’कडे. सदस्य कुठल्या प्रांतातला, हे हिशोबात धरूनही फरक उरलाच. ठराव २४६ विरुद्ध १८२ मतांनी मंजूर झाला. तो अध्यक्षांवर बंधनकारक नव्हता, त्यामुळे जादा सैन्य गेलंच.