विमानाचा पत्रा घासावा किती?

अंधेरी-कुर्ला रस्त्याने साकीनाक्याकडे जाताना दोन गोष्टी हमखास जाणवतात: डोक्यावरून जाणारी विमाने आणि गाळ्यांतून येणारा यंत्रांचा आवाज. या गाळ्यांत लेथची, मुलाम्याची, पॉलिशची कामे चालतात. काळवंडलेला पितळी नळ दिला, तर कारागीर तो कापडी चाकावर धरून आरशासारखा लखलखीत करून देतो. मग प्रदर्शनात मांडायचा विमानाचा जुना भागही इथेच का देऊ नये? माझे उत्तर आहे, देऊ नये. त्याचे कारण विमानाच्या पत्र्याच्या इतिहासात आहे.

शुद्ध ॲल्युमिनियम हलके खरे, पण मऊ. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला एक गोष्ट आढळली. त्यात तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून, तापवून एकदम थंड केले, की पुढच्या काही दिवसांत तो मिश्रधातू आपोआप कठीण होतो. हेच ड्युराल्युमिन. ताकद मिळाली, पण तांब्यामुळे खाऱ्या हवेत हा पत्रा लवकर गंजू लागला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत यावर तोड निघाली. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर बसवण्यात आला. हा ‘अल्क्लॅड’ पत्रा. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर हा थर एका बाजूला सुमारे पाच शतांश मिलिमीटर असतो. बफिंगचे चाक नेमका हाच थर खरवडते. आज चमक मिळते आणि उद्याचे संरक्षण जाते.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्यात आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा ‘मलबार प्रिन्सेस’ या कॉन्स्टेलेशन विमानाने सुरू झाली. १९५४ पासून त्याच घराण्यातली मोठी सुपर कॉन्स्टेलेशन विमाने आली. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आल्यावर त्यांचे दिवस भरले. काही विमाने हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे गेली. त्यांतले एक दाबोळी विमानतळाजवळच्या, १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदल हवाई संग्रहालयात उघड्यावर मांडले गेले. तीन मालक पाहिलेले हे विमान. वर पाऊस, जवळ समुद्र. अशा पत्र्याला चाक लावणे म्हणजे रोग्याची कातडी सोलण्यासारखे आहे.

मग करावे काय? आधी छायाचित्रे घ्यावीत, शिक्के आणि क्रमांक उतरवून घ्यावेत. वरच्या रंगाखाली आधीच्या मालकाचा रंग सापडू शकतो, म्हणून रंग सरसकट काढू नये. सौम्य साबण, स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यावर पुष्कळ भागते. गंजाची पांढरी पूड लाकडी पट्टीने हलकेच काढावी. पोलादी ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुतून नवा गंज धरतात. चिंच घरच्या तांब्याच्या कळशीला ठीक, इथे नको. कॉस्टिक सोडा तर मुळीच नको. पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. अंधारात दिसाव्यात म्हणून जुन्या तबकड्यांना रेडियमचा रंग लावत असत. तो आजही घातक असतो. अशा तबकड्या उघडू नयेत.

साकीनाक्यातल्या कारागिराच्या हाताला इथेही काम आहेच. त्याच्याकडून भक्कम स्टँड करून घ्यावा. पोलाद थेट पत्र्याला लागू नये म्हणून मध्ये रबर मात्र आठवणीने घालायला सांगावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)