गडावरचा मुक्काम आणि पाहुण्याचा धर्म

पावसाळा ओसरला, की शनिवारच्या रात्री पुण्या-मुंबईच्या भटक्यांची पावले सह्याद्रीकडे वळतात. पूर्वी गडावरचा मुक्काम म्हणजे देवळाच्या ओसरीत किंवा लेण्यात पथारी पसरणे. आता तंबू हलके झाले, भाड्यानेही मिळू लागले. हरिश्चंद्रगड, राजमाची, भंडारदरा येथे सुटीच्या दिवशी तंबूंची वस्तीच उभी राहते. मात्र उघड्या आकाशाखालची ही जागा बिनमालकीची नसते. पायथ्याचे गाव आणि भोवतालचे रान हे तेथील यजमान असतात आणि भटक्या हा एका रात्रीचा पाहुणा. या पाहुणेपणाचे काही संकेत प्रत्येकाने जाणून घेणे आवश्यक आहे.

परवानगी आणि जागा

निघण्यापूर्वी जागा कोणाच्या अखत्यारीत आहे, याची चौकशी करावी. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. अशा ठिकाणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो आणि वनखात्याची परवानगी लागते. अनेक किल्ले पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. अशा वास्तूंवर मुक्कामाची मुभा गृहीत धरू नये. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून जुन्या माहितीवर विसंबून न राहता प्रत्येक वेळी नव्याने विचारावे.

तंबू शक्यतो आधीच वापरात असलेल्या मोकळ्या जागेवर लावावा. वाट, देवळाचे दार आणि पाणवठ्याचा काठ मोकळा ठेवावा. रात्री जनावरे पाण्यावर येतात. माणसांची चाहूल लागली, की ती तहानलेली परत फिरतात. त्यामुळे पाण्यापासून निदान ६० मीटर अंतर राखणे योग्य. कड्याच्या टोकाशी तंबू लावणे तर वाऱ्यामुळे जिवावरही बेतू शकते.

टाक्यातील पाणी

गडावरील कातळात खोदलेली बहुतेक टाकी पावसाच्या पाण्यावर भरतात. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ दिसणारे टाके पुढच्या जूनपर्यंत पुरवायचे असते, हे पाहुण्याच्या सहसा लक्षात येत नाही. गुराखी, गडावर झाप टाकून राहणारे गावकरी आणि मागून येणारे भटके हेच पाणी पितात. त्यात उतरून पोहणे, भांडी बुडवणे, काठावर दात घासणे म्हणजे यजमानाच्या माठात हात धुणे होय. स्वच्छ भांड्याने हवे तेवढे पाणी काढून घ्यावे आणि धुणे-खरकटे दूर नेऊन करावे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा साबणही पाण्यात जाता कामा नये.

शेकोटी

दिवाळीनंतर डोंगरावरचे गवत वाळते आणि एका ठिणगीने अख्खा उतार पेटू शकतो. वणव्यात जमिनीवरची घरटी, रोपे आणि गावकऱ्यांचा गुरांसाठी राखलेला चारा जळून जातो. म्हणून स्वयंपाकासाठी स्टोव्ह न्यावा. परंतु तो तंबूत कधीही पेटवू नये, कारण कोंडलेला विषारी वायू झोपेतच प्राण घेतो. शेकोटीस परवानगी असेल, तर ती जुन्याच चुलीच्या जागी, खाली पडलेल्या काटक्यांची आणि लहानशी असावी. राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओतून ती विझवावी. कड्याला आग्यामोहोळ असेल, तर तेथे धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर ही तिन्ही टाळावीत. चवताळलेल्या माशांपासून कड्यावर पळायला जागा नसते.

आवाज आणि उजेड

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. गडावर तर साध्या बोलण्याचाही आवाज दूरवर जातो. शेजारच्या तंबूतील माणसे पहाटे उठून चालणार असतात, याचे भान ठेवावे.

उजेडाचेही तसेच. मे अखेरीस आणि जूनच्या प्रारंभी राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी परिसरात काजवे पाहण्यास गर्दी लोटते. काजव्यांचे लुकलुकणे ही नर-मादीची परस्परांना दिलेली साद असते. विजेरी, मोटारीचे दिवे आणि मोबाइलचा प्रखर झोत यांमुळे ती साद हरवते आणि मीलन टळते. काही दिवसांचेच हे आयुष्य. त्यातील एक रात्र वाया जाणे ही लहान बाब नव्हे. उजेड हवाच असेल, तर मंद, जमिनीकडे वळवलेला आणि शक्यतो तांबडा असावा.

शौच आणि कचरा

शौचालय असल्यास त्याचाच वापर करावा. नसल्यास पाणी, वाट आणि तंबू यांपासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो मातीने बुजवावा. कागद आणि सॅनिटरी पॅड बंद पिशवीतून परत आणावेत. संत्र्याच्या साली, उरलेला भातही मागे ठेवू नये. आयत्या अन्नाची चटक लागलेली माकडे पुढे माणसांच्या अंगावर येतात. कचरा जाळल्याने संपत नाही. अर्धवट जळालेले प्लॅस्टिक तेथेच राहते.

गावाशी व्यवहार

गावातील घरी जेवण सांगितले असेल, तर माणसांचा आकडा नेमका कळवावा आणि बेत बदलल्यास वेळीच निरोप द्यावा. वीस माणसांच्या भाकऱ्या थापून झाल्यावर पाहुणे आलेच नाहीत, तर नुकसान त्या घरचे होते. ठरलेल्या दरात घासाघीस करू नये. स्त्रिया व मुले यांची छायाचित्रे विचारूनच घ्यावीत. देवळात पादत्राणे व मद्य नेऊ नये. कित्येक गडांवरील देवता या आजही पायथ्याच्या गावांची दैवते आहेत.

निघताना तंबू गुंडाळल्यावर त्या जागेवरून एकदा सावकाश फिरावे. दोरीचे तुकडे, बाटलीची बुचे, गोळ्यांचे कागद दिवसाउजेडीच दिसतात. पाहुणा गेल्यावर यजमानाला घर आवरत बसावे लागू नये, एवढे साधले तरी पुरे.