भिंतीतली रिकामी नळी

खारदांड्यात कोळीवाड्याच्या आजूबाजूला आता नव्या इमारती दिसतात. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिला प्रश्न ठरलेला: नेट कोणाचं घ्यायचं? पण मंडळी, त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. वायर आत येणार कुठून?

जरा इतिहास बघू. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ साली. पुढची शंभरेक वर्षं फोन म्हणजे तांब्याच्या तारांची एक जोडी. बिल्डरने हॉलमध्ये एक पॉइंट दिला की विषय संपला. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही डायल-अपने याच जोडीवरून. म्हणून कॉम्प्युटर फोनजवळ, आणि नेट चालू असताना फोन बंद!

त्याआधीच, १९९१ मध्ये आखाती युद्ध आणि स्टार टीव्हीबरोबर केबलवाल्याचा धंदा जोरात सुरू झाला. त्याची जाड काळी वायर गच्चीवरून गच्चीवर, मग खिडकीतून थेट टीव्हीमागे. भिंतीत तिच्यासाठी जागाच नव्हती, कारण इमारत बांधताना ती कोणाच्या डोक्यातच नव्हती. पुढे त्याच गच्चीवरून लॅनची वायर आली. तिची मर्यादा १०० मीटर, म्हणून मध्ये मध्ये स्विचचे डबे. पावसाळ्यात वीज कडाडली की डबा गेलाच म्हणून समजा. त्यात खारदांड्यासारखी समुद्राची खारी हवा असली, की तांब्याचे जोड हिरवे पडायला वेळ लागत नाही.

मग आला फायबर. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, त्यामुळे ना गंज, ना विजेचा धक्का, आणि अंतर कित्येक किलोमीटर. पण तोही बहुतेक घरांत खिडकीला भोक पाडूनच आला!

म्हणजे बघा, एका पिढीत चार वायरी बदलल्या, भिंत तीच राहिली. उत्तम वायर भिंतीत गाडली तरी तीही जुनी होणारच. जुनी होत नाही ती रिकामी नळी.

तेव्हा प्लास्टर व्हायच्या आत बिल्डरच्या मागे लागा. दाराजवळ एक छोटं कपाट, त्यात विजेचा पॉइंट, आणि तिथून प्रत्येक खोलीत एक जादा पाइप. विजेच्या वायरींपासून वेगळा, वळणं मोठ्या गोलाईची (फायबर काटकोनात वळत नाही), आणि आत ओढायला एक दोरी.

आणि हो, जिन्यातली डक्ट कोणाची हेही सोसायटीत विचारा. ती एकाच कंपनीला आंदण दिली, तर तुमच्या घरातल्या सगळ्या नळ्या असून नसल्यासारख्या. २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी रेटिंग देण्याचे नियम काढलेत, म्हणजे हा विषय आता सरकारदरबारीही पोचलाय. पण रेटिंगची वाट बघत बसू नका. प्लास्टर थांबत नाही.