देवळालीचे मास्तर आणि चिन्हांचे गणित

इ. स. १९३० साली नाशिकनजीकच्या देवळाली या छावणीच्या गावी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे पंचविशीतले पदवीधर शाळामास्तर म्हणून रुजू झाले. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, जर्मनीतील क्योनिग्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेत, त्यांच्याहून वर्षाने लहान असलेल्या कुर्ट गोडेलने असे जाहीर केले की, गणिताची नियमावली सुसंगत असली तरी सत्य असूनही तीत सिद्ध न होणारी विधाने शिल्लक राहतातच. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याची हौस मला नाही. परंतु कापरेकरांच्या वाट्याला जी उपेक्षा आली तिचे कारण शोधू गेल्यास क्योनिग्सबर्ग टाळता येत नाही.

प्रकरणाचे मूळ थोडे मागे आहे. गोट्लोब फ्रेगे या जर्मन पंडिताने अंकगणिताची सारी इमारत शुद्ध तर्काच्या पायावर उभारण्याचा संकल्प केला होता. त्याच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापला जात असतानाच, १६ जून १९०२ च्या पत्रात बर्ट्रांड रसेलने त्यास असा पेच घातला की, जे समूह स्वतःचे घटक नाहीत अशा समस्त समूहांचा समूह स्वतःचा घटक आहे काय? ‘होय’ म्हणावे तर ‘नाही’ ठरते, ‘नाही’ म्हणावे तर ‘होय’. आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक, अनवस्था हे दोष आपल्या नैयायिकांनी फार पूर्वीच मुक्रर केले होते, आणि रसेलचा पेच आत्माश्रयाच्याच गोत्रातला. मात्र नैयायिक दोष दाखवून प्रतिपक्षाचा दावा खारीज करीत, तर युरोपीय पंडितांना त्यापायी गणिताचा पायाच पुन्हा खणावा लागला. जर्मन गणिती हिल्बर्टने तोड सुचविली ती अशी की, अर्थ तूर्त बाजूस ठेवून सूत्रांना कागदावरील केवळ चिन्हे मानावे आणि एका चिन्हपंक्तीवरून दुसरी कोणत्या नियमाने निघते एवढाच हिशेब राखावा. गोडेलने त्याच चिन्हपंक्तींना क्रमांक दिले, आणि स्वतःच्याच असिद्धतेविषयी बोलणारे विधान अंकांच्या भाषेत बांधले.

कापरेकरांचा सारा व्यवहारही लिहिलेल्या अंकांशीच होता. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, म्हणजे १५ वरून २१ येते. १०१ ही संख्या ९१ वरूनही येते आणि १०० वरूनही. पण २०, ३१, ४२ यांना जनकच नाही. शंभराच्या आत अशा तेरा स्वयंभू संख्या आहेत. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा विशेष मांडला: सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि शून्ये न गाळता हेच करीत राहावे. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. सातव्या वजाबाकीच्या पुढे कोणाचीच मजल जात नाही. अशा संख्या ८,९९१ आहेत. तेवढ्या तपासल्या की सिद्धताही पुरी होते. स्वयंभू संख्या अनंत आहेत हे मात्र कोणत्याही यादीने सिद्ध होणार नाही, तेथे युक्तिवादच पाहिजे.

विद्वानांना हे क्षुल्लक वाटले. असले गुण दशमान लेखनाचे, संख्येचे नव्हेत, हा आक्षेप सर्वस्वी खरा आहे. २० ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की तिचे स्वयंभूत्व जाते. केंब्रिजच्या हार्डीनेही १९४० साली असल्या अंकचमत्कारांना वर्तमानपत्री कोड्यांच्या पंक्तीस बसविले होते. कापरेकरांनी तर्कशास्त्रात भर घातली असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. तथापि ज्या शतकात तर्कशास्त्राच्या धुरीणांनी लिहिलेल्या चिन्हालाच अभ्यासविषय केले, त्या शतकात ‘हा तर निव्वळ चिन्हांचा खेळ’ एवढ्या शेऱ्यावर एखाद्याचे दप्तर बंद करणे न्याय्य नव्हते.

१९६२ साली ते सेवानिवृत्त झाले. निवृत्तिवेतन अपुरे, म्हणून शिकवण्या चालूच राहिल्या, आणि पुष्कळसे लेखन पदरमोड करून स्वतःच छापावे लागले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव जगास कळले. कापरेकरांचे वय त्या वेळी सत्तर होते.