ब्रेकची शीळ आणि पॅडमधील तंतू

हैदराबादमधील तारनाका चौकात वर उन्नत मार्गावरून मेट्रो धावते आणि खाली सिकंदराबाद-उप्पल रस्त्यावर वाहने पावलोपावली ब्रेक लावत असतात. मेट्रोचा वेग बराचसा तिच्या विद्युत मोटारीच कमी करतात. रस्त्यावरील कारला मात्र पॅड आणि डिस्कच्या घर्षणावाचून गत्यंतर नसते. त्या घर्षणातून उठणारी कर्कश शीळ कमी-अधिक होण्यात पॅडमधील तंतूंचा वाटा मोठा असतो.

पॅड एकजिनसी नसतो. फिनॉलिक राळेत तंतू, बॅराइट, ग्रॅफाइट, कठीण कण आणि काजूच्या टरफलातील तेलापासून बनवलेली भुकटी मिसळून तो घडवला जातो. ही भुकटी कंपने शोषून घेते. गोव्याच्या काजूला असाही एक उपयोग आहे.

पॅड डिस्कला सर्वांगाने टेकत नाही. उघडे पडलेले तंतू आणि त्यांच्या आडोशाला साचलेली झिजेची भुकटी यांची सूक्ष्म पठारे तयार होतात व भार त्यांवर पेलला जातो. पोलादी तंतू बळकट, उष्णता वाहून नेणारे. पण ते डिस्क कोरतात आणि पावसाळ्यात गंजतात. वेग मंदावताना घर्षण वाढत गेले, की पॅड अडखळत, निसटत सरकतो. हे कंपन डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळले, की साधारणतः १००० हर्ट्‌झहून अधिक वारंवारतेची शीळ उमटते. डिस्क असमान झिजल्यास स्टिअरिंग थरथरते, तो प्रकार निराळा.

अरामिडचे मऊ, फाटे फुटलेले तंतू भुकटी धरून ठेवतात, डिस्कला जपतात आणि आवाजही कमी करतात. मात्र अतिउष्णतेत ते तग धरत नाहीत. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या दीर्घ उतारावर केवळ शांततेसाठी निवडलेला पॅड म्हणूनच शहाणपणाचा नव्हे. उत्पादक अनेक तंतूंचे मिश्रण करतात ते यासाठीच.

पूर्वी हे सारे काम ॲस्बेस्टॉस एकटे करीत असे. त्याची धूळ फुप्फुसाच्या कर्करोगास कारण ठरते, म्हणून ते मागे पडले. तांब्याचे तंतूही जलचरांना अपायकारक ठरल्याने कॅलिफोर्नियाने २०२५ पासून नव्या पॅडमधील तांब्याचे प्रमाण वजनाच्या ०.५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे.

धातूवर धातू घासल्यासारखी घरघर मात्र तंतूंची नसते. पॅड संपून त्यामागील पोलादी पट्टी डिस्कला लागल्याचे ते लक्षण असते आणि तेव्हा पॅड तत्काळ बदलावे लागतात.