नाव झाकल्यावर

बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, फक्त बैठक क्रमांक असतो. असं का, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण नाव झाकल्याने नेमकं काय साधतं आणि काय साधत नाही? ते पाहायला आपण जरा वेगळ्याच परीक्षेला जाऊ या.

२४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परियर हा इंग्रज तिथे वाईनचं दुकान चालवत असे. त्याने आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलघर हिने नऊ फ्रेंच जाणकारांना बोलावलं. आधी दहा पांढऱ्या वाईन चाखायच्या, मग दहा तांबड्या. दोन्ही वेळा सहा कॅलिफोर्नियाच्या, चार फ्रान्सच्या. कोणती कुठली, हे परीक्षकांना कळणार नव्हतं. प्रत्येक वाईनला २० पैकी गुण द्यायचे होते. फ्रान्सची वाईन सर्वश्रेष्ठ, हे तेव्हा जवळपास सगळे धरूनच चालत.

निकाल उलटा लागला. पांढऱ्यांत शातो माँटेलेना आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप पहिली आली. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, दोन्ही १९७३ सालच्या. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाचीच वाईन चाखून ‘आता आलो फ्रान्समध्ये’ अशा अर्थाचे उद्गार काढले होते!

बातमी जगभर गेली: कॅलिफोर्नियाने फ्रान्सला हरवलं. पण आपण गुणपत्रिका पाहू. स्परियर आणि गॅलघर यांनीही गुण दिले होते, ते निकालात धरले नव्हते. ते धरून अकरा जणांची सरासरी काढली, तर स्टॅग्ज लीपला १४.१४ गुण पडतात आणि फ्रान्सच्या मूताँ-रोथशिल्डला १४.०९. फरक ०.०५ चा. आणि याच स्टॅग्ज लीपला एका परीक्षकाने १० गुण दिले होते, तर दुसऱ्याने १६.५!

म्हणजे नाव झाकल्याने एक गोष्ट नक्की झाली, नावाचा दबदबा दूर झाला. पण परीक्षकांच्या मापातला फरक तसाच राहिला. इतक्या मोठ्या फरकापुढे ०.०५ वरून पहिला-दुसरा क्रमांक ठरवणं धाडसाचंच.

वाईनची चव घेणारी मंडळी घरी जेवायला जमली, की बाटल्या कागदात गुंडाळून असा खेळ खेळतात. वर्गात तो लिंबाच्या सरबतावर करता येईल. कमी-अधिक साखरेची चार सरबतं करा, पण पेले पाच ठेवा. म्हणजे एकच सरबत दोन क्रमांकांखाली येईल. हे मुलांना सांगू नका. त्या दोन पेल्यांना एकाच मुलाने वेगळे गुण दिले, तर तो फरक सरबतातला नाही, हे त्याचं त्यालाच कळेल.

मग हाच प्रयोग आपल्यावर करून पाहू. तपासलेल्या गठ्ठ्यातल्या एका निबंधाची कोरी प्रत महिन्याभराने पुन्हा तपासायची, आधीचे गुण न पाहता. एका गुणाने नापास झालेला मुलगा आठवत असेल, तर हे करून पाहायलाच हवं.