जखम भरली, हात गेला

उसाच्या फडात कोयता निसटतो, मनगटाच्या वर घाव बसतो. टाके पडतात, जखम भरते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. दोन-तीन महिन्यांनी करंगळी आणि अनामिका आत वाकू लागतात, अंगठ्यालगतचं मांस ओसरतं, तापल्या तव्याचा चटकाही करंगळीला कळत नाही. कातडी जुळली, आतली नस तुटलेलीच राहिली. कोल्हापूरकडे कोयता, गुऱ्हाळाचा चरक, इचलकरंजीचे यंत्रमाग असे हाताला घोर लावणारे धंदे पुष्कळ. त्यात दुचाकीवरून पडून मानेपासून खांद्यात उतरणारं नसांचं जाळं ताणलं जातं, ते वेगळंच.

या दुखण्यावरचं ज्ञान एकट्यादुकट्या धन्वंतरीनं मिळवलेलं नाही. 1850 मध्ये ऑगस्टस वॉलरनं बेडकाच्या जिभेची नस कापून दाखवलं, की कापल्या जागेपलीकडचे तंतू झडून जातात. पण माणसांच्या नसा नीट पाहिल्या गेल्या त्या अमेरिकेतल्या यादवीत. फिलाडेल्फियात डॉक्टर वीअर मिचेल आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी नसांना गोळी लागलेले सैनिक एकत्र ठेवून तपासले, आणि 1864 मध्ये त्यावर पुस्तक काढलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं अशा रुग्णांसाठी खास केंद्रंच उघडली. ऑक्सफर्डला हाडांचे शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांच्या जोडीला प्राणिशास्त्रज्ञ होते: जे. झेड. यंग आणि पुढे नोबेल मिळालेले पीटर मेडावार. हाडांचा डॉक्टर आणि प्राणिशास्त्रज्ञ एका प्रश्नावर बसले, याचं मोल मला फार वाटतं. 1943 मध्ये सेडन यांनी इजेच्या तीन पायऱ्या ठरवल्या: नस नुसती बधिरलेली, आतले तंतू तुटलेली, पुरती तुटलेली. त्याच वर्षी माणसाची नस वाढते किती, याचं मोजमापही या गटानं प्रसिद्ध केलं. ढोबळ हिशेब दिवसाला एक मिलिमीटरचा. कोपरापाशी तुटलेली नस तळहातापर्यंत पोचायला वर्ष जातं. तोवर स्नायू वाळत असतो, आणि दीड-दोन वर्षांनंतर तो सहसा परत येत नाही.

कुष्ठरोगही नसाच मारतो, म्हणून आपल्याकडे हा धागा कुष्ठरोगातून आला. 1948 पासून वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी चालत्या स्नायूचा कंडरा वळवून वाकडी बोटं सरळ केली. शस्त्रक्रियेइतकंच काम नंतरच्या व्यायामाचं होतं. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या, मग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. पुढे त्यांनी संशोधनसंस्था काढली आणि कुष्ठरोग्याची नस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेली.

आता चांगली नस उसनी घेता येते. 1994 मध्ये फ्रान्सच्या ओबर्लिन यांनी करंगळीकडे जाणाऱ्या नसेतले थोडे तंतू कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडले. हाताचं काम शाबूत राहून कोपर वाकू लागलं. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो, नसांची विद्युत तपासणी लागते, महिनोन्‌महिने फिजिओथेरपी लागते, आणि रुग्ण वेळेत यावा लागतो. खांद्यातल्या इजेला पहिले तीन ते सहा महिने मोलाचे.

कोल्हापुरात कुष्ठरुग्णांची जुनी वस्ती असलेल्या शेंडा पार्कात आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभं आहे. पण उपचारांच्या साखळीतला पहिला माणूस तिथे नसतो. तो गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या आरोग्य केंद्रात टाके घालत असतो. भुलीचं इंजेक्शन देण्याआधी त्यानं करंगळीला, तर्जनीला आणि अंगठ्यामागच्या कातडीला हात लावून विचारावं, कळतंय का. बोटं फाकवायला सांगावीत. उत्तर केसपेपरवर लिहावं, आणि बधिरता दिसली तर त्याच आठवड्यात पुढे पाठवावं.